'इफ आय वुड हॅव नोन…' : स्पीकिंगला ६.५ वर अडकलेय, व्याकरण कुठे मार खातंय?

मिरजेची_सिस्टर · रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. नुसती वाचक म्हणून बरीच वर्षं इथे आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

मी स्टाफ नर्स आहे, आयसीयूला. यूकेला जायचं म्हणून आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ६.५. एकूण ७ भरतात, पण तिकडच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये ६.५ चालतात, बाकी तिन्हींत ७ लागतातच. थोडक्यात, अर्ध्या बँडवर (तिथे गुणांना बँड म्हणतात) घोडं अडलंय.

क्लास लावला होता. तिथे 'हाय बँड स्ट्रक्चर्स' म्हणून एक कागद मिळाला. बारा वाक्यं, पाठ करायची आणि जमेल तिथे घालायची. मी ड्यूटीवरून येताना बसमध्ये पाठ केली. परीक्षेत पहिल्याच भागात बाईंनी विचारलं, तुम्हाला सकाळी लवकर उठायला आवडतं का? मी म्हटलं, 'हॅड आय नॉट बीन अ नर्स, आय वुड हॅव प्रेफर्ड टु स्लीप.' बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या. मलाच कसंतरी झालं. पुढची दहा मिनिटं उरलेली अकरा वाक्यं कुठे बसवू याचाच विचार डोक्यात, आणि त्या नादात सरळसाधं 'माय सिस्टर लिव्ह इन सांगली' म्हणून गेले. 'लिव्ज' मला काय येत नाही?

प्रश्न असा की व्याकरणात 'रेंज' हवी म्हणतात ती नेमकी काय असते? आणि अचूक बोलायला गेलं की वाक्यं बालवाडीतली होतात, मोठी बोलायला गेलं की चुका होतात. आधी काय धरायचं?

(इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितेय. बोलायची परीक्षा आहे, स्पेलिंगला कोण विचारतंय.)

ढगाळ_हवामान · रविवार, रात्री ११.०५

सेम पिंच. मला तीनदा ६.५. एकदा निकालाच्या फेरतपासणीला टाकलं होतं. सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा, रेकॉर्डिंग दुसरा परीक्षक ऐकतो, बँड वाढला तर पैसे परत. वाढला नाही, पैसेही गेले.

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, रात्री ११.३०

ताई, त्या वाक्यावर लय हसलो, माफ करा. आमच्याकडे तर वेगळीच गंमत. नागपूरला आम्ही सगळं 'करून राहिलो'मध्ये बोलतो. मी समजून राहिलो, मला दिसून राहिलं. इंग्रजीत गेलो की तेच, 'आय ॲम अंडरस्टँडिंग, आय ॲम सीइंग, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. आमच्या कॉलेजातले सर म्हणायचे, भाऊ, तुझे भाऊ सध्या चालू आहेत का?

खडू_फळा · सोमवार, सकाळी ६.१५

मी नाशकात कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. परीक्षक कधी नव्हतो, हे आधीच सांगतो. पण आयेल्ट्सचे गुण देण्याचे निकष जाहीर आहेत, कुणीही वाचू शकतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेच वाचायला लावतो. क्लासचे कागद त्यानंतर.

स्पीकिंगला चार गोष्टी मोजतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांना सारखं वजन. निकालपत्रावर मात्र फक्त स्पीकिंगचा एकच आकडा छापून येतो. त्यामुळे सिस्टर, तुमचे ६.५ व्याकरणानेच खाली ओढले असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. एवढं मात्र दिसतं की बारा वाक्यांच्या नादात तुमचा ओघही अडला असणार.

आता व्याकरणाच्या निकषाचं नाव बघा, व्याप्ती (हीच तुमची 'रेंज') आणि अचूकता. दोन्ही एकाच खान्यात आहेत. सहाच्या बँडला काय म्हटलंय? साध्या आणि गुंतागुंतीच्या वाक्यांची सरमिसळ आहे, पण सहजता कमी, आणि गुंतागुंतीच्या वाक्यांत वारंवार चुका, तरी अर्थ सहसा अडत नाही. सातला? चूक नसलेली वाक्यं वारंवार येतात, रचना वेगवेगळ्या आणि सहज वापरल्यात, काही चुका उरतात. आठला बहुतेक वाक्यं बिनचूक. नऊलासुद्धा मातृभाषक बोलताना घसरतात तितकं घसरायला मुभा आहे!

सातच्या वर्णनात 'हॅड आय नॉट बीन'सारखं उलटं वाक्य हवं असं कुठेच लिहिलेलं नाही. वारंवार बिनचूक वाक्यं आणि सहज बदलणाऱ्या रचना, एवढंच.

त्रिज्या · सोमवार, सकाळी ९.२०

खडू_फळा सरांना अनुमोदन. माझं म्हणणं थोडं पुढचं. रेंज आपण बाहेरून आणायची नसते, प्रश्नच ती मागत असतो. फक्त तिकडे कान हवा.

परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. पहिल्या भागात घर, काम, सवयी. तिथे 'लहानपणी तुम्ही कुठे खेळायचात?' असं विचारलं तर प्रश्न भूतकाळातली सवय मागतोय, 'यूज्ड टु' तिथेच येतं. 'पुढे कुठे राहायला आवडेल?' विचारलं की 'आयड लाइक टु', 'आय माइट'. दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, बोलायला दोनपर्यंत. 'तुम्हाला वाट बघावी लागली असा प्रसंग सांगा' म्हटलं की भूतकाळ आलाच, आणि त्या आधी काय घडून गेलं होतं ते सांगताना 'हॅड' आपोआप येतो. तिसऱ्या भागात तर तुलना, कारणं, अंदाज. 'पन्नास वर्षांपूर्वीच्या आणि आत्ताच्या शहरांत काय फरक?', 'सरकारने हे केलं तर काय होईल?' इथे जर-तर नसेल तर उत्तरच होत नाही.

सकाळी उठायला आवडतं का, या प्रश्नाला साधा वर्तमानकाळ पुरे. 'नॉट रिअली, बट आय हॅव टु, बिकॉज माय शिफ्ट स्टार्ट्स ॲट सेव्हन.' यात कारण आहे, सक्ती आहे, जोडवाक्य आहे. अजून काय हवं?

आळशी_मुंगी · सोमवार, सकाळी ११.१०

मला या सगळ्याचाच राग येतो. उत्तम नर्स आहे, वीस पेशंट सांभाळते, आणि 'लिव्ह' का 'लिव्ज' यावर तिचं विमान अडणार? आपल्याकडे येणाऱ्या गोऱ्यांची कोण मराठी तपासतं?

वऱ्हाडी_ठेचा · सोमवार, सकाळी ११.१८

+१. त्यांना 'ळ' म्हणायला लावा, फी डॉलरमधी.

मिरजेची_सिस्टर · सोमवार, दुपारी ३.४५

आळशी_मुंगी, भावना पोचल्या. पण खरं सांगू? आयसीयूत 'पेशंटला औषध दिलं होतं' आणि 'द्यायचं होतं' यात जीव जातो. मला ही अट अन्यायाची वाटत नाही, फक्त पार करायची आहे.

त्रिज्या, तुमचं उत्तर मी वाचून मोठ्याने म्हणून बघितलं. सोपं वाटतं. मग माझ्या तोंडून का येत नाही?

खडू_फळा · सोमवार, संध्याकाळी ७.३०

कारण तुमच्या तोंडात मराठी आहे, आणि ती असायलाच हवी. मी तुमचं बोलणं ऐकलेलं नाही, पण २६ वर्षांत मराठी मुलांच्या त्याच त्या चुका ऐकल्यात. त्या अज्ञानाच्या नाहीत. मराठी वाक्य आतून ढुशी देतं. ते वाक्य ओळखलं की निम्मं काम होतं. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

धाग्याच्या नावातलंच घ्या. 'कळलं असतं तर आले असते.' मराठीत 'असतं' दोन्हीकडे आहे. म्हणून आपण इंग्रजीतही 'वुड हॅव' दोन्हीकडे लावतो: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम'. इंग्रजीत मात्र जर-च्या बाजूला 'हॅड' आणि तर-च्या बाजूला 'वुड हॅव'. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम.' मी मुलांना सांगतो, 'जर'च्या घरात 'वुड'ला जेवायला बोलावू नका.

दुसरं, 'पासून'. 'मी दहा वर्षांपासून इथे काम करते.' यात दोन सापळे आहेत. एक तर मराठीला इथे वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. आणि 'सोमवारपासून', 'दहा वर्षांपासून' दोन्हीकडे आपला 'पासून' एकच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. 'सिन्स टेन इयर्स' हे महाराष्ट्राचं राज्यवाक्य म्हणून जाहीर करायला हरकत नाही.

तिसरं, 'की'. 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस.' मराठीत 'की' लावला की पुढे प्रश्न जसाच्या तसा ठेवता येतो. तोच सांगाडा नेला की होतं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डु यू लिव्ह'. इंग्रजीत 'दॅट' जातो, 'डु' जातो, काळ मागे सरकतो: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. दुसऱ्या भागात कुणाची तरी गोष्ट सांगायची असते, तिथे हे वाक्य येतंच येतं.

चौथं, जो-तो. 'जो माणूस शेजारी राहतो, तो फार मदत करतो.' आपल्याला 'तो' शिवाय वाक्य अर्धवट वाटतं. म्हणून 'द मॅन हू लिव्ज नेक्स्ट डोअर, ही हेल्प्स अस'. तो 'ही' काढा, बस्स.

पाचवं, 'तेव्हा'. 'मी तिकडे जाईन तेव्हा घर बघेन.' मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून 'व्हेन आय विल गो देअर, आय विल लुक फॉर अ हाउस'. इंग्रजीत 'व्हेन'च्या बाजूला साधा वर्तमानकाळ. गंमत म्हणजे 'पाऊस आला तर' यात मराठी स्वतः भविष्यकाळ वापरत नाही, तरी मुलं 'इफ इट विल रेन' म्हणतात. हे पाप मराठीचं नाही. 'पुढचं म्हणजे विल' असं घोकून घेणाऱ्या आम्हा मास्तरांचं आहे.

आर्टिकलांबद्दल फार लिहीत नाही. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे ती शेवटपर्यंत छळणार. त्यांच्यामागे लागून ओघ घालवू नका.

आणि एक देणगी. 'आम्ही नदीवर पोहायला जायचो.' हे 'जायचो' म्हणजेच 'यूज्ड टु गो', पुढे 'वुड गो'. इतकी नेमकी रचना आपल्या तोंडात रोज असते आणि परीक्षेत आपण 'वी वेअर गोइंग' म्हणतो. डोक्यात 'जायचो', 'करायचो', 'खायचो' आलं की 'यूज्ड टु' म्हणा. तसंच 'सांगायला हवं होतं' म्हणजे 'शुड हॅव टोल्ड'. या रचना पाठ कराव्या लागत नाहीत. मराठीतून अलगद उचलता येतात.

त्रिज्या · सोमवार, रात्री ८.०२

सर, यात 'च' घाला. 'कालच आले' म्हणून 'यस्टरडे ओन्ली आय केम', 'पुण्यातच' म्हणून 'इन पुणे इटसेल्फ'. इंग्रजीत तो जोर आवाजाने द्यायचा असतो.

मेपलचं_पान · मंगळवार, पहाटे ४.५० (इथे संध्याकाळ)

ब्रॅम्प्टनहून. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, मला सीएलबी ९ (तिकडची भाषेची पातळी) हवं होतं, म्हणजे आयेल्ट्स जनरलमध्ये लिसनिंग ८ आणि बाकी सगळ्यांत ७. स्पीकिंगला आधी ६.५ आले होते. (ॲकॅडमिक आणि जनरल हे परीक्षेचे दोन प्रकार, पण स्पीकिंग दोन्हींत एकच असतं, त्यामुळे हे सिस्टर ताईंनाही लागू.)

खडू_फळा सरांनी कारणं सांगितली, मी माझी पद्धत सांगतो. फोनवर दोन मिनिटं बोलायचं, कुठल्याही कार्डावर. मग ते ऐकून शब्दन् शब्द वहीत उतरवायचं, चुका न सुधारता, जसंच्या तसं, 'अं' सकट. दोन मिनिटांना सुरुवातीला पाऊण तास लागला मला. फार लाज वाटते. मला वाटायचं आपण बरं बोलतो.

मग लाल पेन. पहिल्या आठवड्यात कळलं की माझ्या चुका वीस प्रकारच्या नाहीत, तीनच आहेत आणि त्याच पुन्हा पुन्हा. क्रियापदाचा 'एस' गाळणं, 'सिन्स', आणि गोष्ट सांगताना काळ घसरणं. तिसरी मला माहीतच नव्हती. आपण मराठीत गप्पा मारताना कसं सांगतो, 'काल मी ऑफिसात गेलो, तर बघतो तर काय, साहेब माझ्या खुर्चीत बसलाय'. गेलो भूतकाळ, बघतो वर्तमानकाळ, आणि किस्सा रंगतो. इंग्रजीत मी तसंच 'आय वेंट, अँड आय सी, द बॉस इज सिटिंग' करत होतो. किस्सा रंगायचा, बँड उतरायचा.

तीनच चुकांवर महिनाभर राहिलो. नवीन व्याकरण शून्य शिकलो. दुसऱ्यांदा ७.५.

ढगाळ_हवामान · मंगळवार, सकाळी ८.३०

मेपल भाऊ, बोलताना चूक झाली आणि लगेच लक्षात आली तर सुधारायची की पुढे जायचं?

मेपलचं_पान · मंगळवार, सकाळी ८.४१

मी सुधारायचो, पण एका झटक्यात. 'शी लिव्ह, लिव्ज इन टोरोंटो', पुढे. 'सॉरी सॉरी, आय मीन' नाही. दर वाक्याला सुधारत बसलात तर ओघाचे गुण जातात. आणि आता झोपतो, इथे रात्र झाली.

सुगरण_चिमणी · मंगळवार, दुपारी १२.१५

मध्येच विचारते. माझ्या क्लासमध्ये 'मोरओव्हर', 'फर्दरमोअर', 'इन कन्क्लूजन' म्हणायला सांगतात. आणि 'आयम', 'डोंट' अशी आखूड रूपं टाळायला सांगतात. खरं का?

खडू_फळा · मंगळवार, दुपारी १.००

निबंधात ठीक. गप्पांत 'फर्दरमोअर' म्हणजे घरी चहा पिताना 'तद्वतच, साखर कमी आहे' म्हणण्यासारखं. 'अँड', 'बट', 'सो', 'दो', 'विच मीन्स' यांनी वाक्यं चांगली जोडली जातात. आखूड रूपं बोलण्याचीच रूपं आहेत. तीच नैसर्गिक.

मिरजेची_सिस्टर · बुधवार, रात्री ११.५५

मेपल दादांचं ऐकून आज केलं. कार्ड: 'तुम्हाला आदर वाटतो अशा वयाने मोठ्या व्यक्तीबद्दल सांगा.' एक मिनिट विचार, मग बोलले. कागदावरची बारा वाक्यं ठरवून बाजूला ठेवली होती. त्यातला मधला तुकडा जसा बोलले तसा देते. हसू नका. हसलात तर निदान मोठ्याने नको, नवरा झोपलाय.

'शी इज वर्किंग इन अवर हॉस्पिटल सिन्स ट्वेंटी इयर्स. द थिंग विच आय लाइक इन हर, दॅट इज हर पेशन्स. वन नाइट वन रिलेटिव्ह केम अँड ही वॉज शाउटिंग ऑन एव्हरीबडी. शी डिडन्ट शाउट बॅक. शी आस्क्ड हिम दॅट व्हेन डिड यू लास्ट ईट. अँड ही स्टार्टेड क्राइंग. ही हॅडन्ट ईटन फॉर टू डेज. इफ आय वुड हॅव बीन इन हर प्लेस, आय वुड हॅव कॉल्ड द सिक्युरिटी. नाउ व्हेनेव्हर समबडी शाउट्स ॲट मी, आय फर्स्ट आस्क हॅव यू ईटन.'

वऱ्हाडी_ठेचा · गुरुवार, सकाळी ७.१०

हसलो नाही ताई. शप्पथ.

खडू_फळा · गुरुवार, सकाळी ७.४०

सिस्टर, आधी चुका. मग दुसरं काहीतरी.

'शीज बीन वर्किंग इन अवर हॉस्पिटल फॉर ट्वेंटी इयर्स.' पासून.
'द थिंग आय लाइक अबाउट हर इज हर पेशन्स.' जो-तो. 'विच' नसला तरी चालतो, 'दॅट'ने मात्र जायलाच हवं.
'वन रिलेटिव्ह'च्या जागी 'अ रिलेटिव्ह'. आपला 'एक नातेवाईक'.
'शाउटिंग ॲट'. शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःच 'ॲट' बरोबर वापरलंय, म्हणजे येतं, फक्त निसटतं.
'शी आस्क्ड हिम व्हेन हीड लास्ट ईटन.' की.
'इफ आयड बीन इन हर प्लेस.' जर-च्या घरात वुड.
'आय फर्स्ट आस्क इफ देव्ह ईटन.' पुन्हा की.

म्हणजे सात चुका, पण रोग चारच, आणि चारही सोमवारी लिहिलेल्या यादीतले. 'अ'चं आर्टिकल आणि 'ॲट'चं शब्दयोगी अव्यय तेवढी वेगळी.

आता दुसरं. त्या तुकड्यात पुन्हा बघा काय काय आहे. अपूर्ण भूतकाळ, 'वॉज शाउटिंग'. नकारार्थी भूतकाळ. 'हॅडन्ट ईटन', म्हणजे भूतकाळाच्याही आधीचं, आणि ते तुम्ही बिनचूक बोललात. दुसऱ्याचं बोलणं सांगणं. घडलंच नाही असं जर-तर. 'व्हेनेव्हर'ने सुरू होणारं वाक्य. नऊ वाक्यांत सहा रचना, आणि एकही क्लासच्या कागदावरची नाही. 'रेंज कशी आणू' हा तुमचा मूळ प्रश्न होता ना? ती तुमच्याकडे आहे. गोष्ट खरी होती, सांगायची ओढ होती, म्हणून आली. डागडुजी फक्त चार ठिकाणी हवी.

आणखी एक. 'ही स्टार्टेड क्राइंग', तीन शब्दांचं वाक्य. ते तसंच ठेवा. क्लासवाले म्हणतील 'ॲज अ रिझल्ट ऑफ विच' घालून जोडा. जोडू नका. लहान वाक्यही रचनाच आहे.

त्रिज्या · गुरुवार, सकाळी ९.००

'हॅडन्ट ईटन' आणि 'इफ आय वुड हॅव बीन' एकाच माणसाच्या तोंडून पाठोपाठ आलेलं बघून सरांचा मुद्दा पटला. नियम येत नाही असं नाहीच. 'जेवला नव्हता' यात मराठीने वाट दाखवली, 'असते'मध्ये चकवलं.

ढगाळ_हवामान · गुरुवार, दुपारी २.२०

तिसऱ्या भागात मला काही सुचतच नाही ही माझी अडचण. 'तुमच्या देशात वृद्धांची काळजी कोण घेतं' यावर माझं मतच नसतं. मग व्याकरण कुठून आणू?

त्रिज्या · गुरुवार, दुपारी २.५०

मत बरोबर की चूक हे मोजतच नाहीत. 'वेल, आय हॅवन्ट रिअली थॉट अबाउट इट, बट आयड से इट डिपेंड्स ऑन…' एवढं म्हणून तुमच्या गल्लीतल्या दोन घरांची तुलना करा. 'शहरात अमुक, तर गावात तमुक', 'पूर्वी जितकं होतं तितकं आता नाही'. तुलना सुरू झाली की वाक्य आपोआप लांबतं. आणि प्रश्न कळला नाही तर सरळ विचारा, 'कुड यू रीफ्रेज दॅट?' तिसऱ्या भागात परीक्षक प्रश्न दुसऱ्या शब्दांत सांगू शकतात.

आळशी_मुंगी · गुरुवार, दुपारी ४.३०

राग कायम आहे. पण ते जेवण विचारण्याचं वाचून ऑफिसात आज एका ओरडणाऱ्या क्लायंटला 'हॅव यू हॅड लंच?' विचारलं. तो आणखी भडकला. आयसीयूतच चालत असावं.

सुगरण_चिमणी · शुक्रवार, सकाळी १०.४०

एकाच विषयाची परीक्षा परत देता येते म्हणे. मग सिस्टरताई चारही का देताहेत?

मेपलचं_पान · शुक्रवार, संध्याकाळी ६.१०

येते, वन स्किल रीटेक. संगणकावर परीक्षा दिली असेल तरच, आणि मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. पण ज्यांना निकाल द्यायचा ते तो मानतात का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. पैसे आपले जातात.

मिरजेची_सिस्टर · शुक्रवार, रात्री ९.१५

मी पूर्ण परीक्षाच देतेय. नर्सिंग कौन्सिल दोन वेळचे गुण काही अटींवर एकत्र धरतं, मध्ये बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, आणि कुठलाही विषय फार घसरायला नको. पुढच्या महिन्याची तारीख घेतलीय. तोवर रोज एक कार्ड, दोन मिनिटं, लाल पेन. फ्रिजवर चिठ्ठी लावलीय: पासून, की, जो-तो, असतं. सासूबाईंनी विचारलं हा कसला किराणा.

मिरजेची_सिस्टर · सात आठवड्यांनंतर, बुधवार, रात्री १०.२०

धागा वर काढतेय.

निकाल आला. स्पीकिंग ७. रायटिंग ६.५. लिसनिंग घसरून ६.५, पण मागचे ७.५ आहेत. रीडिंग ७.

कार्ड आलं होतं, 'कुणीतरी तुम्हाला दिलेला उपयोगी सल्ला'. सीनियर सिस्टरांचीच गोष्ट फिरवून सांगितली, वेगळा प्रसंग. एकदा 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणालेच, 'फॉर फाइव्ह इयर्स' करून पुढे गेले. दोन मिनिटांनी परीक्षकांनी मध्येच थांबवलं तेव्हा माझं वाक्य 'इफ आय हॅड' वर होतं. तेवढं तरी बरोबर होतं!

खडू_फळा · गुरुवार, सकाळी ६.०५

मनापासून अभिनंदन. थांबवलं त्याचे गुण जात नाहीत, वेळ संपली की ते थांबवतातच.

वऱ्हाडी_ठेचा · गुरुवार, सकाळी ८.२०

अभिनंदन ताई! आय ॲम फीलिंग व्हेरी हॅपी. हे चालतं ना सर? हे बरोबर आहे ना?

खडू_फळा · गुरुवार, सकाळी ८.३२

हे चालतं. भाऊ नकोत फक्त.

ढगाळ_हवामान · गुरुवार, सकाळी ९.४५

अभिनंदन. माझी पुढच्या शनिवारी. ताई, ते रेकॉर्डिंग कुठल्या ॲपवर करायचात?

मिरजेची_सिस्टर · गुरुवार, दुपारी ३.३०

फोनमधलंच. वही मात्र मोठी घ्या.